शिट्टी वाजली, पण का ते कोण सांगणार?

एक्स्ट्रा टाइम धरून १२० मिनिटं पण संपली होती. वेम्बली, २१ एप्रिल २०२४, एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या हरला-की-बाहेर स्पर्धेची, सेमीफायनल. एका बाजूला मँचेस्टर युनायटेड आणि दुसऱ्या बाजूला कॉव्हेंट्री सिटी, म्हणजे खालच्या डिव्हिजनमधली टीम, जी ७० मिनिटं झाली तरी ०-३ नं मागे होती आणि आता अजून किती खातात एवढंच बघायचं बाकी होतं. मग सिम्सनं एक मारला, ओहेअरनं दुसरा, आणि ९५व्या मिनिटाला हाजी राइटनं पेनल्टीवर तिसरा. ३-३. आणि आता अगदी शेवटच्या क्षणाला राइटनं बॉल आत दिला आणि व्हिक्टर टॉर्पनं तो जाळ्यात घातला. कॉव्हेंट्रीची माणसं अक्षरशः वेडी झाली, कोण कुणाच्या गळ्यात पडतंय कळत नव्हतं. मी युनायटेडचा फॅन, मी टीव्ही बंद करायला रिमोट हातात घेतला होता. आणि तेवढ्यात स्क्रीनवर पाटी आली, व्हीएआर चेक चालू आहे, म्हणजे व्हिडिओ रेफ्री गोल परत तपासतोय.

पुढचं सगळ्यांना माहितीये. रेषा आल्या, एक निळी एक लाल, आणि पास देणारा राइट, त्याच्याकडे आधी बॉल मारला गेला त्या क्षणी, डिफेंडरच्या बुटाच्या टोकाइतका पुढे होता, म्हणजे ऑफसाइड, असं ठरलं. गोल रद्द. शूटआऊटमध्ये युनायटेड ४-२ नं जिंकली, पुढे फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला हरवून कप पण घेऊन गेली.

माझा एक मित्र लिव्हरपूलवाला आहे. मॅच संपायच्या आधीच त्याचा फोन. "अरे बूट आहे तो, बूट! एक नंबर लहान बूट घातला असता तर फायनलला गेले असते ते!" मी शांतपणे म्हणालो, नियम म्हणजे नियम, सेंटीमीटर असो नाहीतर मीटर, ऑफसाइड तो ऑफसाइड. फार मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो. जिंकलेल्या माणसाला नियम फार आवडतात.

दहा महिनेही झाले नसतील, ७ फेब्रुवारी २०२५, परत एफए कप, यावेळी चौथी राउंड, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर लेस्टर. १-१ चालू होतं, ९३व्या मिनिटाला युनायटेडच्या ब्रुनोची फ्री किक, हॅरी मॅग्वायरचा हेडर, गोल, २-१, संपलं. आता ज्यांनी तो रिप्ले पाहिलाय त्यांना सांगायला नको, मॅग्वायर ऑफसाइड होता आणि तोही बुटाच्या टोकानं वगैरे नाही, चांगला ढळढळीत, आणि एकटा नाही, सोबत अजून मंडळी होती. पण त्या सीझनला एफए कपमध्ये व्हीएआर पाचव्या राउंडपासून होतं. चौथ्या राउंडला नव्हतं. ओल्ड ट्रॅफर्डवर कॅमेरे होते, वायरी होत्या, सगळी यंत्रणा होती, फक्त ती वापरायची नाही असं ठरलेलं होतं. लेस्टरचा मॅनेजर व्हॅन निस्टलरॉय, जो स्वतः युनायटेडचा जुना स्ट्रायकर आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत युनायटेडच्याच डगआऊटमध्ये होता, तो नंतर म्हणाला की आम्ही फर्गी टाइममध्ये (जुना मॅनेजर फर्ग्युसनच्या काळात युनायटेड अगदी शेवटच्या मिनिटांत जिंकायची ना, ते) नाही, ऑफसाइड टाइममध्ये हरलो. चपखल बोलला.

मित्राचा फोन आला नाही. फक्त मेसेज आला, त्यात माझंच जुनं वाक्य. "सेंटीमीटर असो नाहीतर मीटर." मी काय उत्तर दिलं माहितीये? "रेफ्रीनं दिला ना गोल? मग गोल." च्यायला, स्वतःचीच लाज वाटली नंतर.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे फिरतंय. एकच क्लब, एकच कप, एकदा यंत्रामुळे वाचला आणि एकदा यंत्र नव्हतं म्हणून वाचला. आणि गंमत बघा, पहिला निर्णय बहुतेक बरोबर होता, दुसरा शंभर टक्के चूक होता, पण लोक चिडले जास्त कुठल्यावर? मला तरी वाटतं कॉव्हेंट्रीवरच्या. लेस्टरच्या वेळी लोक हसले, जोक केले, लाइन्समनला शिव्या घातल्या आणि झोपले. टॉर्पच्या गोलबद्दल अजूनही कुणी भेटलं की विषय निघतो. म्हणजे आपण चुकीवर भांडतो हे आपलं आपल्याबद्दलचं मत आहे ते काही खरं नाहीये. चूक आपण पचवतो. लाइन्समन माणूस आहे, त्याला एकाच वेळी बॉल कधी सुटला ते बघायचंय आणि पन्नास फुटांवरच्या पाच जणांचे खांदे पण बघायचेत, हुकणारच तो. पचत नाही ते काय, तर कुठल्यातरी खोलीत बसलेल्या चार लोकांनी आपल्याला न दिसणाऱ्या पद्धतीनं काहीतरी ठरवलं आणि आपल्यापर्यंत नुसता निकाल आला. रेफ्री चुकला तर चालेल, पण तो गप्प बसून चुकला किंवा गप्प बसून बरोबर ठरला, तर ते चालणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यासाठी थोडं पसरट लिहावं लागणार आहे.

आधी आपल्या भांडणाबद्दल. कुठलाही वादग्रस्त निर्णय घ्या, दोन फॅन तासभर भांडतात आणि तासाभरानं लक्षात येतं की दोघं वेगवेगळ्या गोष्टीवर बोलतायत. एक म्हणतोय बॉल हाताला लागलाच नाही. दुसरा म्हणतोय लागला असेल पण नियमात ते हँडबॉल बसत नाही. आणि तिसरा मधेच येऊन म्हणतो की नियमात बसतं रे, पण असला नियमच गाढवपणाचा आहे. हे तीन वेगळे वाद आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळ्या ठिकाणी मिळतात, पण आपण सगळं एकाच पातेल्यात ढवळतो.

आणि हा फरक काही मी काढलेला नाही, खुद्द फुटबॉलचे नियम तो करतात. मैदानावर काय घडलं याबद्दल रेफ्रीनं जे ठरवलं ते अंतिम, गोल झाला की नाही हे सुद्धा त्यात आलं. पण नियमच चुकीचा लावला तर? २००५ सालची गोष्ट आहे, वर्ल्ड कपची क्वालिफायर, उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन. उझबेकिस्तान १-० पुढे होतं, त्यांना पेनल्टी मिळाली, ती त्यांनी मारली, गोल झाला, पण किक मारायच्या आधीच त्यांचाच एक खेळाडू बॉक्समध्ये घुसला होता. अशा वेळी पेनल्टी परत मारायची असते. रेफ्रीनं परत मारायला न देता बहरीनला इनडायरेक्ट फ्री किक देऊन टाकली. इथे कुणी काय बघितलं हा प्रश्नच नव्हता, सगळ्यांनी सारखंच बघितलं होतं, नियम चुकला होता. उझबेकिस्ताननं तक्रार केली, त्यांना ३-० चा विजय हवा होता, फिफानं त्याऐवजी अख्खी मॅच परत खेळायला लावली. परत खेळले तर १-१, मग बहरीनमध्ये ०-०, आणि अवे गोलवर (बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल मारलेला पुढे) उझबेकिस्तान बाहेर. जिंकलेल्या मॅचची तक्रार करून हरलेली ही टीम माझ्या फार जिव्हाळ्याची आहे.

याच्या उलट आयर्लंड. २००९ मध्ये थिएरी ऑन्रीनं हातानं बॉल अडवला, पास दिला, फ्रान्सचा गोल झाला, आयर्लंडचा वर्ल्ड कप गेला. अख्ख्या जगानं हात बघितला. आयर्लंडनं मॅच परत खेळवा म्हणून मागणी केली, फिफानं नाही म्हणून सांगितलं, कारण रेफ्रीला तो हात दिसला नव्हता आणि न दिसणं ही घटनेबद्दलची चूक, नियमाबद्दलची नाही. सामान्य माणसाला हे उलटंच वाटणार, छोट्या तांत्रिक चुकीला मॅच परत आणि एवढ्या मोठ्या अन्यायाला काही नाही. पण विचार केला तर त्यात लॉजिक आहे. दिसण्यावरून मॅच परत खेळवायला लागलो तर एकही कप संपणार नाही.

आणि तिसरा वाद, नियमच योग्य आहे का हा, त्याला तर मॅचच्या रात्री उत्तर मिळतच नाही. १२ मार्च २०२५, चॅम्पियन्स लीग, अ‍ॅटलेटिको आणि रिआल माद्रिद, शूटआऊट. हुलियन अल्वारेझ पेनल्टी मारायला आला, मारताना पाय घसरला, बॉल जाळ्यात गेला. सगळे पुढच्या किककडे बघायला लागले आणि तेवढ्यात कळलं की ती किक धरलेली नाही, कारण उजव्या पायानं मारायच्या आधी डाव्या पायाचा बॉलला किंचित स्पर्श झाला होता, म्हणजे एकाच खेळाडूचे दोन टच. नियमाप्रमाणं बाद. रिआल ४-२ नं पुढे गेली. अ‍ॅटलेटिकोचा कोच सिमिओनेनं नंतर पत्रकारांनाच विचारलं, ज्यांनी अल्वारेझला बॉलला दोनदा पाय लावताना बघितलं त्यांनी हात वर करा. कुणी हात वर केला नाही, करणार कसा, तो एवढासा स्पर्श उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हताच.

आता बघा, घटना खरी होती का? हो, युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल मंडळानं, दुसऱ्या दिवशी व्हिडिओ दिला आणि स्पर्श झाला म्हणून सांगितलं. नियम बरोबर लावला का? लावला. मग अ‍ॅटलेटिकोचे फॅन उगाच रडत होते का? तर नाही. कारण तो नियम ज्या लबाडीसाठी बनवलाय, म्हणजे बॉल जरा पुढे ढकलून मग परत मारणं, त्याचा आणि पाय घसरलेल्या माणसाचा काय संबंध? आणि जूनमध्ये नियम बनवणाऱ्या मंडळानं, म्हणजे आयएफएबीनं, खुलासा काढला की चुकून असं झालं आणि बॉल आत गेला तर किक परत मारायची. तीन महिन्यांच्या आत. म्हणजे फॅन्सचं बरोबर होतं, फक्त ते रेफ्रीशी भांडत होते आणि भांडायला हवं होतं नियमाशी. रेफ्री मार्चिनियाकनं, जो २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलचा पण रेफ्री होता, त्याच्या हातात जे होतं ते केलं. त्याला त्या रात्री ज्या शिव्या बसल्या त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या.

(उगाच आठवलं म्हणून. १९९९ मध्ये आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड, हाच एफए कप, पाचवी राउंड. एकजण पडला म्हणून शेफील्डच्या गोलकीपरनं बॉल बाहेर मारला, आर्सेनलनं थ्रो परत त्याच्याकडे देणं अपेक्षित होतं, दिलाही, पण कानूला हा शिष्टाचार कळला नाही की काय, तो मधेच बॉल घेऊन पळाला आणि त्याच्या पासवर ओव्हरमार्सनं गोल मारला. नियमात शंभर टक्के बसणारा गोल, रेफ्रीनं दिला, २-१. मॅच संपल्यावर आर्सेनलचा मॅनेजर वेंगरनं स्वतःहून सांगितलं की परत खेळूया. परत खेळले, परत आर्सेनलच २-१ नं जिंकलं. रेफ्रीची चूक नाही, नियमाची चूक नाही, तरी चुकलं होतं, आणि ते जिंकलेल्यानं कबूल केलं. असं परत कधी होईल अशी आशा मी करत नाही.)

बरं, आता घटनेकडे परत येऊ, कारण तिथेच मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं ऑफसाइड म्हणजे गणित, रेषा मारली की उत्तर. जरा मोजून बघा. टीव्हीचा साधारण कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग. पळणारा फॉरवर्ड सेकंदाला ८ मीटर जातोय असं धरा, तर एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत तो १६ सेंटीमीटर सरकलेला असतो. आणि डिफेंडर उलट्या दिशेनं बाहेर येत असेल तर फरक त्याहून जास्त. आता पास नेमका कुठल्या फ्रेमला सुटला? बॉल पायाला चिकटलेला दिसतो त्या की सुटलेला दिसतो त्या? हे माणूस ठरवतो, हातानं, स्क्रीनवर. एक फ्रेम मागेपुढे झाली की बुटाचं टोक काय, अख्खा बूट इकडचा तिकडे होतो. आणि एवढं करून आपल्याला दाखवतात काय, तर केसासारखी बारीक रेषा, जणू देवानंच मारलीय.

मी हे मित्रासोबत करून पाहिलंय. टॉर्पच्या गोलची क्लिप, बोटानं एकेक फ्रेम पुढे सरकवत. तो म्हणाला इथे पास सुटला, थांब. मी म्हणालो अजून एक पुढे. एक पुढे गेलो तर राइट अजून पुढे गेलेला, माझं म्हणणं खरं. एक मागे गेलो तर डोळ्याला लेव्हल, त्याचं खरं. दोघंही खोटं बोलत नव्हतो. अर्धा तास घातला आणि शेवटी मोबाइलची बॅटरी गेली. आता फोनवरची फुटकी क्लिप आणि त्यांच्या खोलीतले कॅमेरे यांत फरक आहेच, ते मान्य, त्यांच्याकडे जास्त अँगल असतात. पण फ्रेमचा प्रश्न त्यांनाही सुटत नाही, फक्त लहान होतो.

क्रिकेटवाल्यांनी हे फार आधी आणि प्रामाणिकपणे मान्य केलं. एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूत बॉल स्टंपला अर्ध्यापेक्षा कमी लागत असेल तर अंपायर्स कॉल, म्हणजे यंत्रच सांगतं की बाबा, इथे मला खात्री नाही, मैदानावरच्या माणसानं जे दिलं ते राहू द्या. त्यावरही भांडणं होतातच, पण निदान शंका आहे हे मोठ्या स्क्रीनवर सगळ्या जगाला दाखवतात. फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगनं २०२१-२२ पासून रेषा जाड केल्या, अगदी जवळचं असेल तर अटॅकरला फायदा, चांगलं केलं. पण किती जाड, किती सेंटीमीटर माफ, हे त्या फायनल फोटोवर कुठे लिहिलेलं असतं? माफी आहे पण माफीची पावती नाही.

यावर लोक म्हणतात की आता सेमी-ऑटोमेटेड ऑफसाइड आलंय, म्हणजे कॅमेरे आणि सेन्सरच मोजतात, संपला विषय. नाही संपला. २०२२ च्या वर्ल्ड कपला १२ कॅमेरे छताखाली, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ पॉइंट सेकंदाला ५० वेळा, आणि बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा. त्यामुळे पास कधी सुटला हा कटकटीचा प्रश्न खरंच बराच सुटला, मी नाकारत नाही. पण हे इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कुठे आलं? परत एफए कप, मार्च २०२५, पाचवी राउंड. आणि त्याच राउंडला बोर्नमथ-वुल्व्हज मॅचला बॉक्समध्ये इतकी गर्दी होती की सिस्टिमला कोण कुठे आहे तेच कळेना, मग परत जुन्या पद्धतीनं हातानं रेषा, आणि चेक चालला जवळजवळ ८ मिनिटं. आठ! एवढ्या वेळात स्टेडियममधल्या माणसाला काय सांगितलं, तर चेक चालू आहे. गोल रद्द झाला, नंतर बोर्नमथ शूटआऊटवर जिंकलं म्हणून प्रकरण थंड झालं. हरले असते तर आजही चालू असतं.

आणि हे झालं ऑफसाइडचं, जिथे निदान मोजता तरी येतं. हँडबॉल, पेनल्टी, रेड कार्ड हे तर मोजायचे विषयच नाहीत. इथे एक गोष्ट आहे जी मला वाटतं दहातल्या आठ फॅन्सना माहितीच नसते, आणि बऱ्याच कॉमेंटेटर्सनाही नसते असा माझा संशय आहे. व्हीएआरला निर्णय बरोबर आहे का असं विचारलेलंच नसतं. त्याला विचारलेलं असतं की रेफ्रीची चूक स्पष्ट आणि ढळढळीत आहे का. या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा पन्नास-पन्नास टक्क्यांचा हँडबॉल आहे. रेफ्रीनं पेनल्टी दिली, तर व्हीएआर म्हणणार ढळढळीत चूक नाही, राहू दे. तोच हँडबॉल, रेफ्रीनं दिली नाही, तर व्हीएआर तेच म्हणणार, राहू दे. म्हणजे सारख्या दोन घटना, उलटे दोन निकाल, आणि दोन्ही नियमाप्रमाणं बरोबर! आता एका फॅननं पहिली मॅच बघितलीय, आठवड्यानं दुसरी बघतो, तर त्याला वाटणारच की यात काहीतरी शिजतंय. काही शिजत नसतं. पण हे त्याला सांगायचं कुणी? रेफ्री कानाला बोट लावून उभा, हात पसरून खेळा खेळा म्हणतो, संपलं.

८ जानेवारी २०२५, लीग कपची सेमीफायनल, पहिली लेग (इथे दोन मॅच मिळून निकाल लागतो), टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. माझ्या मुद्द्याला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही कारण दोन्ही गोष्टी एकाच मॅचमध्ये, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं. टॉटनहॅमच्या सोलँकीचा गोल ऑफसाइडवर रद्द झाला आणि रेफ्री अ‍ॅटवेलनं माइकवरून स्टेडियमला कारण सांगितलं. इंग्लंडमध्ये हे पहिल्यांदाच. कुणाला आवडलं, कुणाला नाटकी वाटलं, पण त्या निर्णयावर कुणी फार भांडलं नाही. मग ८६व्या मिनिटाला टॉटनहॅमच्याच बर्गवालनं गोल मारला, १-० झालं, आणि तो मारायच्या जरा आधी त्याच बर्गवालनं, ज्याला आधीच एक यलो होतं, लिव्हरपूलच्या त्सिमिकासला पाडलं होतं. दुसरं यलो मिळालं असतं तर तो मैदानावरच नसता. रेफ्रीनं अ‍ॅडव्हान्टेज दिला, म्हणजे फाऊल असून खेळ चालू ठेवला, आणि कार्ड काढलं नाही, आणि दुसरं यलो हा विषय तेव्हा व्हीएआरच्या कक्षेतच नव्हता. यावर मात्र एक शब्द माइकवर नाही, कारण माइक फक्त व्हीएआर रिव्ह्यूनंतरच्या निर्णयासाठी. माझा मित्र त्या रात्री इतका भडकलेला की मी फोनच उचलला नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

आता कुणी म्हणेल की सोलँकी ऑफसाइडच होता म्हणून वाद झाला नाही, माइकमुळे नाही. बरोबर आहे, थोडं ते पण आहे. सोप्या निर्णयाचं कारण सांगणं सोपं असतं. पण मग अवघड निर्णयाचं कारण सांगायला तर जास्तच हवं ना? रेफ्री नुसतं एवढं म्हणाला असता की मला तो फाऊल वाटला पण यलोइतका नाही, तरी मित्र चिडलाच असता, पण त्याला कशावर चिडायचं ते कळलं असतं. फिफानं २०२३ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये रेफ्रींना माइक दिले, जग काही बुडालं नाही. रग्बीत तर रेफ्री आणि व्हिडिओवाला काय बोलतात ते वर्षानुवर्षं टीव्हीवर ऐकू येतं. फुटबॉलमध्ये ते संभाषण मॅच चालू असताना ऐकवायला परवानगी नाही. इंग्लंडमध्ये निवडक प्रसंगांचा ऑडिओ नंतर एका कार्यक्रमात दाखवतात, पण निवडक, आणि नंतर, आणि कुठले निवडायचे ते तेच ठरवणार.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा मी लपवत नाही. बोललेलं सगळं बाहेर आलं तर रेफ्रींचे हाल होतील, प्रत्येक वाक्य कापून फिरवलं जाईल, आणि मग ते खरं बोलायचंच बंद करतील, वकिलासारखं बोलायला लागतील. आणि रेफ्रींचे हाल ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. स्वीडनचा आंदेर्स फ्रिस्क, युरोपातल्या वरच्या रेफ्रींपैकी एक, २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सी मॅचनंतर घरच्यांपर्यंत धमक्या आल्या म्हणून रेफ्रीगिरी सोडून मोकळा झाला. तेव्हा व्हीएआर पण नव्हतं आणि ऑडिओ पण नव्हता. धमक्या कुठून आल्या? मॅचनंतर चेल्सीच्या मॅनेजरनं असा संशय पसरवला की हाफटाइमला बार्सिलोनाचा कोच रेफ्रीच्या खोलीत गेला होता. म्हणजे बंद दाराआड काय झालं याच्या गोष्टीतून. जिथे आवाज नसतो तिथे लोक आपापला आवाज भरतात, आणि तो भरलेला आवाज खऱ्यापेक्षा कितीतरी घाण असतो.

लीगमधलं पण एक उदाहरण देतो. सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल, लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल. मैदानावर ऑफसाइड दिला होता, व्हीएआरला वाटलं गोल दिलाय, त्यानं रेषा बघितल्या, सगळं ठीक आहे, चेक कम्प्लीट म्हणून सांगितलं, आणि खेळ सुरू झाला. एक चांगला गोल गैरसमजात वाहून गेला. दोन दिवस काय काय ऐकायला मिळालं, विकले गेलेत, वरून फोन आला होता, वगैरे. मग ऑडिओ बाहेर आला. आणि त्यात काय होतं, तर घाबरलेली माणसं. चूक कळली तेव्हा खेळ सुरू झालेला, एकजण म्हणतोय थांबवा, दुसरा म्हणतोय आता काही करता येत नाही. ऐकून राग जातो असं नाही, पण कटाची थिअरी तिथेच गळून पडते. कट करणारी माणसं इतकी गोंधळलेली नसतात. लिव्हरपूलवाल्या मित्रानं सुद्धा ते ऐकून एवढंच म्हटलं, "बिचारे."

हे सगळं मी कपसाठी जास्त आग्रहानं म्हणतोय त्याला कारण आहे. लीगमध्ये ३८ मॅच असतात, आज तुझ्यावर अन्याय, पुढच्या महिन्यात माझ्यावर, वर्षाअखेर थोडंफार उन्नीस-बीस होतं असं म्हणून मन समजावता येतं. लिव्हरपूलला तर त्या बर्गवालवाल्या सेमीफायनलला दुसरी लेग तरी होती, तिथे त्यांनी ४-० नं वचपा काढला. कॉव्हेंट्रीला कुठली दुसरी लेग? तिथले कितीतरी खेळाडू परत आयुष्यात एफए कपची सेमीफायनल खेळणार नाहीत. ज्या स्पर्धेत एका शिट्टीवर माणूस घरी जातो तिथे त्या शिट्टीचं कारण त्याच रात्री, पूर्ण ऑडिओसकट बाहेर यायला हवं, निवडक नाही, महिन्यानं नाही. आणि रेषा दाखवताना तिच्यात किती चुकीची शक्यता धरली तेही दाखवा, आम्ही काही लहान मुलं नाही.

आणि आपलं पण बघू जरा. आपण फॅन लोक मागणार पारदर्शकता आणि आपलं वागणं कसं, तर जर्सीचा रंग बघून नियम आठवणार. मी हल्ली एक करतो, प्रत्येक वेळी जमतं असं नाही. रिप्ले बघताना दोन्ही टीमच्या जर्सी मनात अदलाबदल करायच्या. मॅग्वायरच्या जागी लेस्टरचा कुणी उभा केला की मी दोन सेकंदात ऑफसाइड म्हणतो. टॉर्पच्या वेळी मात्र हे केल्यावर त्रास झाला. राइटच्या जागी आमचा तेव्हाचा फॉरवर्ड रॅशफर्ड ठेवला, शेवटचा क्षण, कॉव्हेंट्रीऐवजी आम्ही ०-३ वरून आलेलो, आणि मग तेच बुटाचं टोक. मी त्या खोलीतल्या माणसाला काय काय बोललो असतो ते इथे लिहिता येणार नाही.

परवा मित्राला हे सांगितलं. म्हटलं, तुझं बरोबर होतं म्हणत नाही, पण तेव्हा मी जे बोललो ते फार लवकर बोललो. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "मग गोल होता असं म्हण ना सरळ." मी म्हणालो, फ्रेम कुठली धरायची त्यावर आहे. त्यानं फोन ठेवला आणि दोन मिनिटांनी मॅग्वायरचा फोटो पाठवला, खांद्यापासून पुढं अख्खा माणूस ऑफसाइड, खाली लिहिलेलं, "याची कुठली फ्रेम धरू?"